ध्यानात मन न लागणारी तेरेसा

दोस्तांनो, जरा प्रामाणिकपणे आठवून बघा. सबमिशनचा आठवडा चालू आहे, घरी कशावरून तरी वाजलंय, डोकं नुसतं भणभणतंय. कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून तुम्ही ठरवता, आज पंधरा मिनिटं शांत बसायचं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवता, डोळे मिटता. पहिल्या मिनिटाला अपुरं राहिलेलं जर्नल आठवतं. दुसऱ्या मिनिटाला काल कॅन्टीनमध्ये आपण बोललो ते जरा जास्तच झालं का, हा विचार येतो. मग नाकाला खाज सुटते. तुमच्या हिशेबाने अर्धा तास तरी झालेला असतो. एक डोळा किलकिला करून घड्याळ बघता, तर जेमतेम चार मिनिटं! मग तुम्ही उठता आणि ठरवून टाकता, की हे आपलं काम नाही. ज्यांचं मन मुळातच शांत आहे, त्यांनी ध्यानाला बसावं.

आज जिची गोष्ट सांगायची आहे, तिचंही अगदी असंच व्हायचं. ती प्रार्थनेला बसायची आणि तास संपल्याचा ठोका कधी पडतो, याकडे तिचे कान लागलेले असायचे. प्रार्थनेच्या जागेत पाऊल टाकतानाच तिला इतकं उदास वाटायचं, की त्यापेक्षा दुसरी एखादी कडक शिक्षा परवडली. हे एक-दोन आठवडे नाही, जवळजवळ अठरा वर्षं चाललं. आणि हे सगळं तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. पुढे हीच बाई ख्रिस्ती जगातली प्रार्थनेची मोठी शिक्षिका मानली गेली. तिचं नाव आविलाची तेरेसा.

आता तुमच्या डोळ्यांसमोर निळ्या काठाची पांढरी साडी आली असेल, तर थांबा. कोलकात्याच्या मदर तेरेसा वेगळ्या. त्यांनी आपलं नाव घेतलं ते फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेसावरून. आणि ती लिझ्यूची तेरेसा ज्या कार्मेल संघाच्या मठात राहिली, त्या मठांची परंपरा सुरू केली आपल्या या स्पेनच्या तेरेसाने. म्हणजे ही सगळ्यांत थोरली. ज्ञानोबा-तुकोबांना आपण जसं मायेने एकेरीत बोलावतो, तसंच इथे हिलाही बोलावू या.

तटबंदीतलं घर

तेरेसाचा जन्म २८ मार्च १५१५ चा, स्पेनमधल्या आविला गावातला. उंचावर वसलेलं, थंडीवाऱ्याचं, भोवती भक्कम दगडी तटबंदी असलेलं हे गाव. आजही तो तट उभा आहे. घर खाऊन-पिऊन सुखी होतं, भावंडं पुष्कळ. पण या घरात एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नसे. तेरेसाचे आजोबा टोलेडोचे व्यापारी होते आणि वंशाने ज्यू. ख्रिस्ती झाल्यावरही घरात गुपचूप ज्यू रीतिरिवाज पाळल्याच्या ठपक्यावरून १४८५ मध्ये त्यांना इन्क्विझिशनपुढे, म्हणजे पाखंड शोधून काढणाऱ्या धर्मन्यायालयापुढे उभं राहावं लागलं. अपमानाचं वस्त्र अंगावर घालून शहरातून मिरवलं जाण्याची शिक्षा त्यांच्या वाट्याला आली. पुढे ते आविलाला येऊन राहिले आणि घराण्याने आपली खानदानी सिद्ध करण्यासाठी कोर्टकचेऱ्याही केल्या.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्या काळच्या स्पेनमध्ये सगळ्यांनाच छळायचा. या घराला तर जरा जास्तच छळत असणार. तेरेसाच्या आयुष्यात तो पुढे कुठे कुठे आडवा येतो, यावर लक्ष ठेवा.

पोरगी मात्र धीट. साधारण सात वर्षांची असताना ती भाऊ रॉड्रिगोला घेऊन घरातून पळाली. बेत असा, की मूर लोकांच्या मुलखात जायचं, धर्मासाठी मरायचं आणि थेट स्वर्ग गाठायचा! गावाबाहेर काकांनी दोघांना गाठलं आणि मुकाट घरी आणलं. पुढे वेड लागलं ते शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्यांचं. आईलाही तीच आवड. वडिलांना हे वाचन पटत नसे, म्हणून मायलेकी चोरून वाचायच्या. सतत बाळंतपणं सोसलेली ही आई तेहतिसाव्या वर्षीच गेली. तेरेसा तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती.

त्यानंतरची तेरेसा तुमच्या ओळखीची वाटेल. नटणं-मुरडणं, अत्तरं, केसांची निगा, चुलत भावंडांबरोबर तासन्‌तास गप्पा. ती दिसायला छान होती, बोलायला त्याहून छान. माणसं तिच्याकडे ओढली जात आणि तिलाही ते हवं असे. वडिलांनी काळजीने तिला एका मठात शिकायला ठेवलं. तिथे प्रथमच तिच्या मनात सिस्टर होण्याचा विचार डोकावला. पण तिच्या मनात काही फार उदात्त वगैरे नव्हतं. लग्नाची धास्ती होती, नरकाची भीती होती आणि त्यात थोडीशी ओढ. १५३५ मध्ये, विसाव्या वर्षी, वडिलांचा विरोध असताना ती घर सोडून कार्मेल संघाच्या एन्कार्नासिओन मठात गेली. त्या दिवशी अंगातली हाडं जणू एकमेकांपासून सुटी होताहेत असं तिला वाटलं.

मठ की कट्टा?

मठ म्हटला की आपल्याला वाटतं, दगडी भिंती आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. एन्कार्नासिओन तसा नव्हता. तिथे दीडशेच्या वर बायका राहत. श्रीमंत घरच्यांना स्वतंत्र दालनं, त्यांच्या दिमतीला मोलकरणी आणि नावामागे मानाची पदवी. गरीब घरच्या सामायिक खोलीत झोपत. भेटीगाठींसाठी जाळीची खिडकी असलेली एक बैठकीची खोली होती. गावातले प्रतिष्ठित लोक तिथे गप्पा मारायला येत, आणि बोलण्यात चतुर असलेल्या तेरेसाला तर सारखी बोलावणी येत. कट्टाच म्हणा ना!

त्याआधी एक भयंकर गोष्ट घडली. मठात आल्यावर थोड्याच काळात ती आजारी पडली. बेसेदास नावाच्या गावी एका वैदूबाईकडे तिला नेलं. तिथल्या जालीम रेचकांनी ती बरी व्हायच्या ऐवजी पार खंगली. ऑगस्ट १५३९ मध्ये ती बेशुद्ध पडली आणि जवळजवळ चार दिवस शुद्धीवर आलीच नाही. मठात तिच्यासाठी कबर खणून तयार होती. मृतांच्या पापण्यांवर मेण लावायची रीत होती, तेही तिच्या डोळ्यांवर पडलं होतं. वडिलांनी हट्ट धरला की पोरगी मेलेली नाही, म्हणून ती वाचली. पण अंग लुळं पडलं. पूर्ण उभं राहायला सुमारे तीन वर्षं गेली. हातापायांवर रांगता यायला लागलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला!

या आजाराच्या काळात एका काकांनी तिच्या हातात एक पुस्तक दिलं होतं. फ्रान्सिस्को दे ओसुना या फ्रान्सिस्कन साधूचं. त्यात मन बाहेरून आत गोळा करून, शब्दांशिवाय देवाजवळ बसण्याची वाट सांगितली होती. तेरेसाला जणू गुरू भेटला. ती बसू लागली. डोळ्यांसमोर चित्र उभं करणं तिला कधीच जमलं नाही. म्हणून ती फक्त कल्पना करायची की येशू जवळ आहे. पकडला जाण्याच्या आदल्या रात्री गेथसेमनीच्या बागेत तो एकटा, भेदरलेला, घामाने डबडबलेला होता, आणि त्याचे मित्र झोपी गेले होते. त्याच्याजवळ जाऊन बसावं, जमलं तर घाम पुसावा, एवढंच. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती हे करायची.

सोडून दिलं, आणि तेही नम्रपणे

आता ऐका, कारण गोष्टीचा गाभा इथे आहे.

बरी झाल्यावर तेरेसा पुन्हा त्या बैठकीच्या खोलीत रमली. दिवसभर गप्पा, कौतुक, निरोपांची देवाणघेवाण. आणि मग संध्याकाळी येशूजवळ एकटीने बसायचं? तिला लाज वाटू लागली. आपण एवढ्या उथळ, आपण कुठल्या तोंडाने त्याच्या समोर जायचं? त्यापेक्षा चारचौघींसारखी पाठ केलेली प्रार्थना म्हणावी आणि गप्प राहावं, हेच नम्रपणाचं. असं स्वतःला समजावून तिने आतली प्रार्थना वर्षभराहून जास्त काळ बंद केली. गंमत म्हणजे वडिलांना ही प्रार्थना तिनेच शिकवली होती. ते त्यात पुढे निघून गेले आणि ही मात्र तब्येतीचं कारण सांगून बाजूला झाली.

पुढे आयुष्यभर ती सांगत राहिली, की तिची सगळ्यात मोठी चूक हीच. गप्पा मारणं ही त्या मानाने छोटी गोष्ट. आपण लायक नाही म्हणून जवळ जायचंच बंद करणं, ही घोडचूक. आजारी माणसाने आधी बरा होतो आणि मग डॉक्टरकडे जातो म्हणावं, तसला प्रकार.

तुमच्या-माझ्या बाबतीत हे किती वेळा होतं बघा. दोन दिवस व्यायाम चुकला की तिसऱ्या दिवशी बूट कपाटात जातात. मित्राचे चार मेसेज उत्तराशिवाय राहिले की पाचव्याला उत्तर द्यायची लाज वाटते. आणि आपण त्या लाजेला चांगलंसं नाव देतो.

१५४३ मध्ये वडील गेले. त्यांच्या आजारपणात तिने सेवा केली. त्याच सुमारास एका डोमिनिकन धर्मगुरूने तिला पुन्हा बसायला लावलं, आणि यावेळी ती बसली ती कायमची. पण म्हणून लगेच प्रकाशबिकाश काही पडला नाही. उलट ती कोरडी, लांबलचक वर्षं पुढेही चालूच राहिली. प्रार्थनेत बसलं की बैठकीची खोली आठवे, बैठकीत बसलं की देव आठवे. धड इकडे ना धड तिकडे. हातात पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थना सुरू करायची तिला हिंमत होत नसे. अनेकदा ते वाचलंही जात नसे, नुसतं उघडं ठेवलं तरी ढालीसारखा आधार वाटे. कधी ती शेतं, पाणी, फुलं बघत बसे. आणि कान? ते तासाच्या ठोक्याकडे.

पण ती उठून गेली नाही. एवढं एकच तिने केलं.

एकोणचाळिसाव्या वर्षी

१५५४ साल. मठात कुठल्याशा सणासाठी आणून ठेवलेली एक मूर्ती होती, जखमांनी विद्ध झालेल्या येशूची. तेरेसा तिथून जात होती आणि तिची नजर त्या मूर्तीवर पडली. मूर्ती काही नवीन प्रकारची नव्हती. पण त्या दिवशी तिच्या आत काहीतरी फुटलं. ती तिथेच कोसळली आणि ढसाढसा रडली. आजवर ती स्वतःच्या जोरावर सुधारायचा प्रयत्न करत होती. त्या दिवशी तिने तो जोर सोडून दिला. त्याच काळात संत ऑगस्टीनच्या आत्मकथनाचं स्पॅनिश भाषांतर तिच्या हाती आलं. त्यातही एक माणूस वर्षानुवर्षं उद्या, उद्या करत स्वतःशी झगडत होता. तिला वाटलं, हा तर माझ्याबद्दलच लिहितोय.

यानंतर तिच्या प्रार्थनेचा पोत बदलला. तिला खोल शांततेचे, कधी देहभान हरपण्याचेही अनुभव येऊ लागले. पण तेरेसाला याचं अप्रूप कमी आणि संकोच जास्त. चारचौघांत असं काही झालं तर ती आजूबाजूच्या सिस्टरांना आपल्याला धरून ठेवायला सांगे. पुढे मठप्रमुखांना तिने बजावलं, की एखादी सिस्टर उपास आणि जागरणं करून अर्धवट गुंगीत पडत असेल आणि त्यालाच समाधी समजत असेल, तर तिला पोटभर जेवू घाला, झोपू द्या आणि तिची प्रार्थनेची वेळ कमी करा. परीक्षेच्या काळात रात्र-रात्र जागणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

विहीर, रहाट, पाट, पाऊस

मग ती शिकवायची काय? तिची एक उपमा आपल्या मातीतली वाटावी अशी आहे. मन म्हणजे तणाने भरलेली, नापीक बाग. देवाने तण उपटून रोपं लावली आहेत, आपलं काम पाणी घालायचं. पाणी चार तऱ्हांनी मिळतं. पहिली तऱ्हा म्हणजे विहिरीतून पोहऱ्याने शेंदायचं. हात भरून येतात, पाणी मात्र जेमतेम. कधी विहीरच कोरडी. दुसरी म्हणजे रहाट. कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरी, ओढ्याचं पाणी पाटाने बागेत आणायचं. आणि चौथी म्हणजे पाऊस. तिथे माळ्याला काहीच करावं लागत नाही.

नवख्या माणसाने पोहऱ्यापासून सुरुवात करायची. विहीर कोरडी निघाली तरी बागेत हजर राहायचं, कारण बाग मालकाची आहे आणि रोपं कशी जगवायची ते त्याला कळतं. पाऊस आपल्या हातात नाही, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. मन आत ओढून घेण्याला तिने कासवाची उपमा दिली. कुठल्याशा पुस्तकात वाचल्याचं ती सांगते. आपल्याला लगेच गीतेतलं स्थितप्रज्ञाचं कासव आठवतं. पण तेरेसा पुढे एक फरक करते. कासव मनात येईल तेव्हा अंग आत घेतं. माणसाला मात्र ती खोल शांतता दिली जाते, ओढून आणता येत नाही.

आणखी एक. तुमच्यापैकी काहींनी इगतपुरीला जाऊन श्वासाकडे बघायला शिकलं असेल. तेरेसाची वाट वेगळी होती. तिला मन रिकामं करायचं नव्हतं, तिला कुणाच्या तरी सोबतीला बसायचं होतं. तिच्या लेखी प्रार्थना ही दोस्ती होती. दोस्तीत रोज नवीन बोलायला काही लागत नाही, पण जावं लागतं. म्हणूनच तिच्याकडे मोठं तंत्र नव्हतं. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना घ्या, पण भराभरा म्हणू नका. आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात ठेवून एकेक शब्द सावकाश म्हणा. तिच्या ओळखीची एक वयस्क सिस्टर होती. आपल्याला फक्त तोंडाने प्रार्थना म्हणता येते, मूक ध्यान काही जमत नाही, म्हणून ती बिचारी खंत करायची. तेरेसाने नीट चौकशी केली तर कळलं, की ती प्रभूची प्रार्थना एवढ्या मनापासून म्हणते, की त्या शब्दांतूनच ती खोल ध्यानात पोचलेली आहे.

शांत जागा, आणि तिथून बाहेर

हे सगळं बोलायला सोपं वाटतं, पण तो काळ साधा नव्हता. बायकांनी स्वतःच्या मनाने, धर्मगुरूच्या मध्यस्थीशिवाय देवाशी बोलावं, ही गोष्टच संशयाची होती. १५५९ मध्ये इन्क्विझिशनने लोकभाषेतल्या अनेक धार्मिक पुस्तकांवर बंदी घातली. तेरेसाला लॅटिन येत नव्हतं. तिची आवडती पुस्तकं एका फटक्यात गेली. ज्यू आजोबांची नात, त्यात बाई, त्यात दिव्य अनुभव सांगणारी. तिने घाबरून गप्प बसावं, असं सगळं जुळून आलं होतं.

तिने नेमकं उलट केलं. २४ ऑगस्ट १५६२ ला आविलातच एका साध्या घरात तिने संत जोसेफच्या नावाने छोटा मठ उघडला. सुरुवातीला अवघ्या चौघीजणी. दिखाऊ पदव्या बंद, मोलकरणी बंद, गरीब-श्रीमंत एकाच ताटात. पायात साध्या चपला, पोटासाठी सूतकताई. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मूक प्रार्थना. आणि हो, रोज एकत्र बसून हसण्या-बोलण्याची वेळसुद्धा. चेहरा पाडून बसलेले संत तिला नको होते. अमेरिका खंडात क्विटोला गेलेल्या लॉरेन्सो या भावाने पाठवलेले पैसे या कामी वेळेवर उपयोगी पडले. पण गाव खवळलं. नगरपालिका कोर्टात गेली. तेरेसाला काही महिने जुन्या मठातच अडकून पडावं लागलं. लोक काय म्हणतील, हा प्रश्न आता पूर्ण ताकदीने समोर उभा होता. आणि तेरेसाला जाणवलं, की त्याची नांगी मोडलेली आहे.

पुढची चार-पाच वर्षं त्या छोट्या घरात तिला जी विश्रांती मिळाली, तशी आयुष्यात पुन्हा कधी मिळाली नाही. गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं, नाही? पण १५६७ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, ती तिथून बाहेर पडली. आणखी मठ काढायचे होते. खडखडणाऱ्या झाकलेल्या गाड्यांतून, उन्हात, चिखलात, अंगात ताप असताना तिने स्पेन पालथा घातला. मेदिना देल काम्पो, टोलेडो, सालामांका, सेगोविया, सेव्हिया, बुर्गोस. मरेपर्यंत १७ मठ उभे राहिले. घरांचे सौदे, कर्जं, कोर्टाचे दावे, रुसवेफुगवे, आणि शेकडो पत्रं. पोपच्या एका प्रतिनिधीने तर तिला एका जागी न टिकणारी, भटकी बाई ठरवलं.

१५७१ मध्ये वरिष्ठांनी तिला जुन्या एन्कार्नासिओन मठाची प्रमुख म्हणून पाठवलं. तिथल्या सिस्टरांना ती नको होती. आरडाओरडा, धक्काबुक्की झाली. पहिल्या सभेला त्या सगळ्या भांडायच्या तयारीने आल्या, तर प्रमुखाच्या आसनावर मारियामातेची मूर्ती ठेवलेली आणि तेरेसा तिच्या पायाशी बसलेली. भांडणातली हवाच गेली.

मग शांतता कुठे गेली? तेरेसाचं उत्तर असं, की ती आत होती. स्वयंपाकघरात भांडी घासतानाही देव तिथेच असतो, हे ती सिस्टरांना सांगायची, कारण ते तिला रोज अनुभवावं लागत होतं.

डोक्यातला खडखडाट

१५७७ च्या जूनमध्ये टोलेडोत तिने तिचं सर्वात गाजलेलं पुस्तक लिहायला घेतलं. वय ६२. प्रकृती तोळामासा, डोक्यात सतत आवाज. जणू अनेक नद्या कड्यावरून कोसळताहेत. मठांवर संकट. तिने आत्मचरित्रात लिहिलेल्या पुस्तकाची प्रत इन्क्विझिशनच्या ताब्यात. अशा अवस्थेत तिने आत्म्याचं वर्णन केलं ते एका स्फटिकाच्या किल्ल्यासारखं. सात महाल, एकात एक. सर्वात आतल्या महालात राजा. बहुतेक माणसं आयुष्यभर तटाबाहेरच्या पहाऱ्यावर घालवतात, आपल्याच घरात शिरत नाहीत. आत शिरायचं दार म्हणजे प्रार्थना.

याच पुस्तकात तिने तुमच्या-माझ्या रोजच्या तक्रारीचं उत्तर दिलंय. विचारांची धावपळ चालू असली म्हणजे प्रार्थना फसली, असं ती वर्षानुवर्षं मानत होती आणि त्या समजुतीने तिला फार छळलं. मग तिच्या लक्षात आलं, की विचार वरच्या मजल्यावर पळापळ करत असतानाही मन आत, खाली, त्या मित्राजवळ बसलेलं असू शकतं. गिरणीचा खडखडाट थांबवायला जाऊ नये, आपण आपलं दळण दळत राहावं. आणि सातव्या महालात पोचलेल्या माणसाला मिळतं काय? चमत्कार नाही. त्याला काम करायचं बळ मिळतं, लोकांना सोसायचं बळ मिळतं.

पुस्तक नोव्हेंबरच्या अखेरीस पूर्ण झालं. डिसेंबरात तिचा तरुण सहकारी, कवी आणि साधू क्रुसाचा योहान याला विरोधकांनी पळवून टोलेडोत कोंडलं. तो नऊ महिन्यांनी निसटला. त्याच नाताळात तेरेसा जिन्यावरून पडली आणि तिचा डावा हात मोडला. तो पुन्हा नीट चालला नाही. ती मात्र चालत राहिली.

४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री, आल्बा दे तोर्मेस इथल्या मठात, प्रवासाने थकलेली तेरेसा गेली. वय ६७. त्याच रात्री स्पेनमध्ये कॅलेंडर बदललं आणि दुसऱ्या दिवशी तारीख निघाली १५ ऑक्टोबर! म्हणून तिचा सण १५ ऑक्टोबरला असतो. १२ मार्च १६२२ ला रोममध्ये तिला संतपद मिळालं. त्याच दिवशी ते आणखी एकाला मिळालं, ज्याला आपण चांगलं ओळखतो. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात ज्याचं शव ठेवलंय, तो फ्रान्सिस झेवियर. आणि १९७० मध्ये कॅथलिक चर्चने तिला धर्माची आचार्य, म्हणजे डॉक्टर ही पदवी दिली. लॅटिन न येणारी, जिचं पुस्तक इन्क्विझिशनने ठेवून घेतलं होतं, ती ही पदवी मिळालेली पहिली स्त्री ठरली.

तुमची श्रद्धा कुठलीही असो किंवा नसो, तेरेसाकडून एक गोष्ट घरी न्यायला हरकत नाही. आज रात्री बसा. दहाच मिनिटं. ज्याच्यावर तुमची श्रद्धा आहे त्याच्याजवळ बसा, पाठ असलेली एखादी प्रार्थना हळू म्हणा, हवं तर पुस्तक उघडं ठेवा. जर्नल आठवेल, कॅन्टीन आठवेल, नाकाला खाजही सुटेल. सुटू दे. काल बसला नव्हतात, दिवसभरात काही चुकीचं वागलात, म्हणून आज टाळू नका. घड्याळाकडे बघावंसं वाटलं तर खुशाल बघा, तेरेसाही बघायची. फक्त दहा मिनिटं पूर्ण होईपर्यंत उठू नका.